जपानी भाषाशाळेत नवीन आहात? कागदपत्रं, किराणा आणि रविवारच्या सहली

भाषाशाळेतला वर्ग दिवसाला साधारण चार तासांचा असतो, सकाळी किंवा दुपारी. पुण्या-मुंबईत एन-५, एन-४ (जपानी भाषा परीक्षेच्या सुरुवातीच्या पातळ्या) करून आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात जाणवतं की सेन्सेई, म्हणजे शिक्षक, बोलतात ते कळतं, पण कोनबिनीच्या (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाच्या) काउंटरवरचा मुलगा काय म्हणाला ते डोक्यावरून जातं. मग बरेच जण ठरवतात, आधी भाषा पक्की करू, मग बाहेर पडू. माझं सांगणं याच्या उलट आहे. कागदपत्रं पहिल्या दोन आठवड्यांत उरका, स्वयंपाकाची सोय लावा आणि दर आठवड्याला एक सहल ठरवून टाका. वर्गात शिकलेलं वाक्य दुकानात किंवा डोंगरावर एकदा वापरलं की ते कायमचं तुमचं होतं.

हा लेख टोकियो धरून लिहिला आहे. ओसाका किंवा फुकुओकाला जाणार असाल तर नियम तेच, ठिकाणं तेवढी बदलतील.

बॅग भरताना

मसाले, डाळी, पापड, कुकर आणा. मांसाचा कुठलाही पदार्थ आणू नका, आणि ताजी फळं-भाज्याही नकोत. तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय त्या विमानतळावरच काढून घेतात. आईने प्रेमाने दिलेले चार हापूससुद्धा यात आले.

औषधांबद्दल जपान फार कडक आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्यापुरती आणता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. आपल्याकडे सर्दीसाठी सर्रास मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर इथे त्यांना बंदी आहे. गोळ्यांच्या पाकिटावरचे घटक निघण्याआधी वाचून घ्या.

पहिले चौदा दिवस

नारिता किंवा हानेदाला उतरलात की पासपोर्ट तपासतात तिथेच झायर्यू कार्ड, म्हणजे निवासी ओळखपत्र, हातात मिळतं. त्याच काउंटरवर अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्जही द्या. फॉर्म घरूनच भरून आणा. परवानगीची नोंद कार्डाच्या मागच्या बाजूला होते. हे काम विमानतळावर राहून गेलं तर नंतर इमिग्रेशनच्या ऑफिसात खेटे घालावे लागतात आणि काही आठवडे थांबावं लागतं. झायर्यू कार्ड घराबाहेर पडताना कायम जवळ ठेवायचं, हा कायदाच आहे. फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही.

राहायची जागा ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत तुमच्या विभागाच्या कार्यालयात, कुयाकुशोत (छोट्या शहरात असाल तर शियाकुशोत) जाऊन पत्ता नोंदवायचा. कार्ड, पासपोर्ट आणि नीट लिहिलेला पत्ता, खोली क्रमांकासकट, सोबत न्या. आत शिरल्यावर माहिती टेबलाशी म्हणा, "तेन्न्यू तोदोके ओ दाशिताइ नो देसु गा", म्हणजे राहायला आल्याची नोंद करायची आहे. एवढं म्हणून थांबा, समोरची व्यक्ती तुम्हाला नंबराचं तिकीट काढून देईल आणि कुठला फॉर्म भरायचा ते बोटाने दाखवेल.

त्याच फेरीत आणखी दोन कामं होतात. पहिलं आरोग्य विम्याचं. हा विमा घ्यावाच लागतो आणि तो घेतला की दवाखान्याच्या बिलाचे ३० टक्केच तुम्ही भरता. आदल्या वर्षी जपानमध्ये उत्पन्न नसल्यामुळे पहिल्या वर्षी हप्ता बराच कमी बसतो, फक्त उत्पन्न शून्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. दुसरं काम नेन्किनचं, म्हणजे निवृत्तिवेतनाचं. वय २० पूर्ण असेल तर तुम्हीही त्यात येता आणि महिन्याचा हप्ता सतरा हजार येनच्या पुढे आहे. विद्यार्थ्यांना तो भरणं झेपत नाही, म्हणून तिथेच "मेन्जो", म्हणजे माफीचा अर्ज करा. घरी आलेली पाकिटं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका. विम्याची थकबाकी पुढे व्हिसा वाढवताना आडवी येते.

तुमचं नाव काताकानात

हे वेगळं सांगतो कारण याकडे कुणीच लक्ष देत नाही. बँक, फोन, विमा, पगार सगळीकडे तुमचं नाव काताकानात, म्हणजे परदेशी शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लागतं. कुलकर्णीचं "कुरुकारुनी" होतं, देशपांडेंचं "देशुपान्दे". आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा वडिलांचं नाव मधे असतं, म्हणजे नाव आणखी लांबतं आणि फॉर्मच्या चौकटीत मावत नाही. पहिल्याच दिवशी सेन्सेईंना विचारून एकच रूप ठरवा, कागदावर लिहून फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा आणि सगळीकडे तेच उतरवा. एका ठिकाणी दीर्घ स्वराची आडवी रेघ दिली आणि दुसरीकडे दिली नाही, तर खात्यात येणारा पगार परत जाऊ शकतो.

फोन आणि बँक

फोन नंबराशिवाय बँक खातं उघडत नाही आणि काही फोन कंपन्या खात्याशिवाय सिम देत नाहीत. यातून वाट अशी: परदेशी विद्यार्थ्यांना क्रेडिट कार्डावर किंवा कोनबिनीत रोख भरून सिम देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यातली एक आधी घ्या. मग खातं. जपानमध्ये सहा महिने व्हायच्या आत बऱ्याच बँका नाही म्हणतात; पोस्टाची बँक, यूचो गिंको, सहसा उघडून देते. खातं किंवा एटीएम कार्ड कुणालाही वापरायला देऊ नका. परत जाताना "खातं विकतोस का, चांगले पैसे देतो" असं विचारणारे भेटतात. तो गुन्हा आहे आणि त्यात मुलं अडकतात.

कचरा

कुयाकुशोत पत्ता नोंदवताना कचऱ्याचं वेळापत्रक मिळतं, ते फ्रिजला चिकटवा. जळणारा, न जळणारा, बाटल्या-डबे, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा. सकाळी आठपर्यंत ठरलेल्या जागी, जाळीच्या खाली ठेवायचा. जाळी कावळ्यांसाठी असते आणि इथले कावळे पिशव्या शिताफीने फोडतात, म्हणून पिशवीचा कोपराही बाहेर राहू देऊ नका. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण काढा, लेबल सोला, विसळा, मग चेपा. गादी, टेबल अशा मोठ्या वस्तूंसाठी आधी नोंदणी करून पैशाचं स्टिकर कोनबिनीतून विकत घ्यावं लागतं.

आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे तळणीचं तेल. ते सिंकमध्ये ओतायचं नाही. १०० येनच्या दुकानात तेल गोठवायची पावडर मिळते, गरम तेलात टाकली की थंड झाल्यावर वडी निघते आणि ती जळणाऱ्या कचऱ्यात जाते. तेल थोडंच असेल तर जुन्या वर्तमानपत्रात टिपून घ्या.

स्वयंपाकघर

टोकियोत भारतीय किराण्याची तीन ठिकाणं लक्षात ठेवा: एदोगावा विभागातलं निशी-कासाइ, शिन-ओकुबो स्टेशनजवळची मसाल्याची दुकानं आणि उएनोची आमेयोको. गव्हाचं पीठ, तूरडाळ, पोहे, हिंग सगळं मिळतं. निशी-कासाइत आयटीत काम करणारी भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. याच एदोगावा विभागाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक, म्हणजे इथल्या लोकांचे "योगी", निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकलेले ते पहिले भारतीय वंशाचे नागरिक. टोकियोत मराठी मंडळ आहे, गणेशोत्सव होतो, जरूर जा. पण राहायला मात्र शाळेजवळ पाहा. मराठी शेजार मिळाला की जपानी बोलायची वेळच येत नाही, हे मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

रोजची भाजी मात्र जपानी सुपरमार्केटमधूनच घ्या. कोबी, मोड आलेले मूग (मोयाशी), तोफू, अंडी, वांगी स्वस्त पडतात. भेंडी "ओकुरा" नावाने जाळीच्या छोट्या पिशवीत मिळते. कोथिंबिरीची इवलीशी जुडी महाग असते, म्हणून खिडकीत कुंडी लावा, धणे सहज उगवतात. संध्याकाळी सात-आठनंतर तयार पदार्थांवर आणि मांस-मासळीवर सवलतीची पिवळी-लाल स्टिकरं लागायला सुरुवात होते. कर्मचारी स्टिकरांचा गुंडाळा घेऊन येतो तेव्हा नेहमीचे गिऱ्हाईक आजूबाजूला रेंगाळत असतात. "हानगाकु" म्हणजे अर्धी किंमत. मोठ्या पाकिटांसाठी ग्योमु सुपरची शाखा जवळपास असेल तर तिथे जा.

शाकाहारींनी हे नीट वाचावं. "यासाइ" म्हणजे भाजी लिहिलं म्हणून पदार्थ शाकाहारी होत नाही. सूप, सॉस, उकडलेली भाजी, यांत माशांचा दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, असतो. तयार करीच्या वड्यांमध्ये बहुधा डुकराची किंवा गाईची चरबी असते, काही ब्रेडमध्येही लार्ड (डुकराची चरबी) असते. "निकु नाशी" म्हणजे मांसाशिवाय म्हटलं तर वरचे तुकडे काढून देतील, रस्सा तोच राहील. म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: मांस आहे का, मासे आहेत का, दाशी आहे का. पाकिटामागची कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, वाचायची सवय तुम्हाला पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर वाचन शिकवेल. डुक्कर, गाय, कोंबडी, मासा आणि अंडं ही पाच कांजी पहिल्या आठवड्यात पाठ करा.

आणि फोडणी. सहा तातामींच्या (चटयांच्या मापाच्या), म्हणजे छोट्याशा खोलीत मोहरी तडतडली, मिरची पडली की धूर दोन सेकंदांत छतापर्यंत जातो, आणि छतावर धुराची सूचना देणारं यंत्र असतं. पंखा आधी लावा, खिडकी उघडा, कपडे वाळत घातले असतील तर आधी काढा. रात्री दहानंतर फोडणी टाळलेली बरी, कुकरच्या शिट्ट्याही. भिंती पातळ असतात आणि शेजारी तुम्हाला काही न बोलता थेट घरमालकाच्या एजंटला फोन करतात. राहायला गेल्यावर शेजारच्या दोन-तीन दारांवर छोटी भेट घेऊन ओळख करून द्या. भारतातून आणलेला चहा यासाठी उत्तम.

रेल्वे आणि सायकल

सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या. ५०० येन अनामत असते, ती कार्ड परत केल्यावर मिळते. आयफोन असेल तर कार्ड फोनमध्येच येतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये सहसा जमत नाही. घर ते शाळा पास (तेइकिकेन) काढा, पण विद्यार्थी दराचा पास प्रत्येक भाषाशाळेला लागू नसतो, ऑफिसात विचारा. पासाच्या मार्गावरच्या मधल्या कुठल्याही स्टेशनवर फुकट उतरता येतं, तेव्हा मार्ग निवडताना मधे मोठं स्टेशन येईल असं पाहा. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास सुटते आणि ती चुकली की टॅक्सी फार महागात पडते.

सायकल घेतलीत तर दुकानातच तिची पोलीस नोंदणी करून घ्या. मित्राची जुनी सायकल घेताना नोंदणी स्वतःच्या नावावर करा, कारण पोलीस रस्त्यात थांबवून नंबर तपासतात. टोकियोत सायकलचा विमा एप्रिल २०२० पासून सक्तीचा आहे. एका हातात छत्री धरून चालवणं, फोन पाहत चालवणं, पिऊन चालवणं, तिन्हीला बंदी.

बाइतो

बाइतो म्हणजे अर्धवेळ काम, त्याची मर्यादा आठवड्याला २८ तास. आठवडा सोमवारपासूनच मोजत नाहीत, कुठल्याही वारापासून सलग सात दिवस घेतले तरी बेरीज २८ च्या आत हवी, आणि दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींची मिळून. रोखीने पगार दिला तरी तास मोजले जातात. शाळेच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत मुभा आहे. बार, पाचिंको (जुगारासारख्या यंत्रांचे अड्डे), होस्टेस क्लब अशा जागी भांडी घासायचं कामही चालत नाही. टोकियोत ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन ताशी १,२२६ येन आहे, त्याखाली कुणी देत असेल तर सरळ निघा. पहिली नोकरी गिऱ्हाइकांशी बोलावं लागेल अशी निवडा. रात्री गोदामात खोकी भरण्याचे पैसे थोडे जास्त मिळतात, पण सकाळी वर्गात झोप लागते आणि बोलायला कुणीच नसतं. हजेरी ८० टक्क्यांखाली गेली की व्हिसा वाढवताना अवघड होतं. आजारी पडलात तर शाळेला फोन करा आणि डॉक्टरचा कागद ठेवा.

भूकंप आणि दवाखाना

फोनवर कर्कश सूचना वाजली की टेबलाखाली जा, डोकं झाका, हादरे थांबेपर्यंत बाहेर धावू नका. मोठ्या हादऱ्यात गॅसचा मीटर आपोआप बंद पडतो; नंतर वास येत नसेल तर मीटरवरचं बटण दाबून तो सुरू करायचा. ते बटण कुठे आहे ते आजच पाहून ठेवा. जवळची आसरा घ्यायची जागा बहुतेक वेळा प्राथमिक शाळा असते, तिथपर्यंत एकदा चालत जाऊन या. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि आगीसाठी ११९.

आता बाहेर पडा

भाषाशाळेच्या विद्यार्थ्याला एक मोठी चैन असते: वर्गाच्या दिवशीही अर्धा दिवस मोकळा. नोकरदार माणसं शनिवारी-रविवारी गर्दीत फिरतात, तुम्ही मंगळवारी दुपारी जाऊ शकता.

सुरुवात शिंजुकूच्या तोचोने करा. टोकियो महानगर सरकारच्या या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, सज्जा आहे आणि प्रवेश मोफत आहे. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी फुजी दिसतो. तिथून चालत नाकामुराया गाठता येतं. क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना याच दुकानाच्या मालकांनी आश्रय दिला, पुढे ते त्या घराचे जावई झाले आणि १९२७ पासून इथे भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. मारुनोउची मार्गावरच्या हिगाशी-कोएंजी स्टेशनजवळ रेन्कोजी हे छोटं मंदिर आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या अस्थी म्हणून जपलेला कलश तिथे आहे, अंगणात त्यांचा अर्धपुतळा आहे.

आसाकुसाला सगळेच जातात. तिथल्या सेन्सोजी मंदिरातून बाहेर पडून सुमिदा नदीच्या कडेने उत्तरेला दहा-पंधरा मिनिटं चाला, एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे मंदिर लागतं. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध मार्गाने इथवर आलेला. मूर्ती कधी दाखवत नाहीत. दुर्वांच्या जागी इथे मुळा वाहतात. पांढरे जाड दाइकोन ओळीने मांडलेले असतात, आवारात जिकडे तिकडे मुळ्याची आणि बटव्याची चिन्हं कोरलेली. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो आणि शिजवलेला मुळा भाविकांना वाटतात. उएनोच्या शिनोबाझु तळ्यातलं बेंतेनदो आणि किचिजोजीच्या इनोकाशिरा उद्यानातलं देऊळ ही सरस्वतीची, इथली बेंझाइतेन. तिच्या हातात वीणेऐवजी बऱ्याचदा बिवा, म्हणजे जपानी तंतुवाद्य, दाखवतात.

पण एकच सहल करणार असाल तर ताकाओला जा. शिंजुकूहून केइओ मार्गाने ताकाओसांगुचीपर्यंत साधारण तासाभरात, पाचशे येनच्या आत. डोंगर ५९९ मीटर उंच, सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही. जाताना सहा क्रमांकाची ओढ्याकाठची वाट घ्या, उतरताना एक क्रमांकाची, म्हणजे याकुओइन मंदिर वाटेत लागेल. टोकियोच्या गाडीत तासभर शेजारी बसलेला माणूस तुमच्याकडे पाहतही नाही. ताकाओच्या वाटेवर मात्र समोरून येणारा प्रत्येक जण "कोन्निचिवा" म्हणतो. आजी-आजोबा थांबून विचारतात, कुठून आलात, जपानी किती छान बोलता. माथ्यावर बाकावर डबा उघडलात तर शेजारची बाई संत्रं पुढे करते. तुमच्याकडे चकली असेल तर ती द्या, मग पंधरा मिनिटं सहज बोलणं होतं, आणि समोरच्याला घाई नसल्यामुळे क्रियापदाचं रूप आठवायला तुम्हाला वेळ मिळतो. नोव्हेंबरच्या रविवारी पानं लाल होतात तेव्हा मुंगीलाही जागा नसते, तेव्हा मधल्या वारी जा.

सेन्तो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, आवर्जून अनुभवा. टोकियोत साडेपाचशे येन. आधी बसून अंग नीट धुवायचं, मगच टाकीत उतरायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. विभागाच्या वाचनालयाचं कार्ड काढा, मुलांच्या पुस्तकांत कांजीवर फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी छोटी अक्षरं, असतात. कुयाकुशोत "निहोंगो क्योशित्सु", म्हणजे जपानीचे वर्ग, विचारा. स्वयंसेवक जवळजवळ फुकटात बोलायचा सराव देतात, तिथले निवृत्त काका-काकू वर्षभराचे आधार होतात. मार्चअखेरीस साकुरा (चेरीचा बहर), जुलैच्या शेवटच्या शनिवारी सुमिदाची आतषबाजी, ही तर तुम्हाला वर्गातले मित्र नेतीलच.

लांबच्या सहली

तासाभरावरचं कामाकुरा दिवसात होतं. कोतोकुइन मंदिरातला कांस्य बुद्ध ११.३ मीटरचा, उघड्यावर बसलेला.

त्याहून लांब जायचं तर हे लक्षात ठेवा: पर्यटकांचा जपान रेल पास विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. आपल्यासाठी सेइशुन जुहाची किप्पु हे स्वस्त रेल्वे तिकीट आहे, वसंत, उन्हाळा आणि हिवाळ्याच्या ठरावीक दिवसांत. वयाची अट नाही. २०२४ च्या हिवाळ्यापासून तिचे दिवस सलग वापरावे लागतात: तीन दिवसांचे १०,००० येन, पाच दिवसांचे १२,०५०. फक्त साध्या आणि रॅपिड गाड्या, शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) नाही. टोकियो ते क्योतो नऊएक तास लागतात, गाड्या बदलत. घाई असेल तर रात्रीची बस. सुइकाने लांब जाताना जपून: टोकियोत टॅप करून आत शिरलात आणि शिझुओकासारख्या दुसऱ्या विभागात उतरलात तर दारातून बाहेर पडता येत नाही, तिकीटच काढा.

आणि सुट्टीत घरी जाणार असाल तर विमानतळावरच्या निर्गमनाच्या कागदावर परत येणार असल्याची चौकट भरायला विसरू नका. वर्षाच्या आत आणि व्हिसाची मुदत संपायच्या आत परत आलात तर वेगळी परवानगी लागत नाही. ती चौकट रिकामी राहिली तर विद्यार्थी म्हणून तुमचा दर्जाच संपतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.